गार इंजिनाचा काटा

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या नाशकात सापडला नसता. पण त्यांचा संशय माणसांवर नसे, मापं दाखवणाऱ्या वस्तूंवर असे. मुलीला ताप भरला की थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत जाई. दाराची बेल वाजली की पाहुणा बाहेर ताटकळत उभा आणि हे आतून बेलची तार चाचपताहेत! सातपूरच्या कारखान्यात त्यांची नोकरी मोजमापं तपासण्याचीच होती, आणि ती त्यांनी घरीही सोडली नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास आमचे सासरे वारले आणि त्यांची जुनी मोटार साडूंकडे आली. सासूबाई येवल्याला एकट्याच राहिल्या. आम्ही रविवारी त्यांना भेटायला जायचो आणि संध्याकाळी निघायचो. "ऱ्हावा की आजचा दिस, जावईबापू," त्या म्हणायच्या. साडूंच्या बायकोचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, डोळे भरून यायचे. तिला एक रात्र आईजवळ निजायचं असे. पण सोमवारची पाळी चुकवणं साडूंच्या रक्तात नव्हतं. ते किल्ली फिरवायचे आणि दिवसभर उभ्या असलेल्या गाडीचा उष्णतेचा काटा थेट लाल खुणेवर जायचा. हात लावावा तर बॉनेट गार, म्हणून साडू तशीच गाडी काढायचे. नाशकात असं कधी होत नसे. फक्त त्या अंगणात, निघताना. "बाबा निघू देत नाहीत," मेहुणी पुटपुटायची.

"बाबा कसले? इंजिनावरचा सेन्सर गेलाय," साडू म्हणाले आणि पुढच्या खेपेला नवा सेन्सर बसवूनच आले. तरी तेच. त्यांनी सेन्सरची तार उपटली. आता तरी काटा खाली यायला हवा होता. तो लालवरच थरथरत राहिला. मी दोन पावलं मागे सरकलो. साडू मात्र डॅशबोर्डखाली उताणे शिरले, पत्र्याला घासून सोललेली तार शोधली, तिला चिकटपट्टी गुंडाळली. काटा निमूट खाली गेला. "मिटलं!" म्हणत ते हात पुसू लागले. मेहुणी नाशकापर्यंत तोंड फिरवून रडत होती, आणि मला त्या दिवशी साडूंचा भयंकर राग आला.

मग सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला गेलो. संध्याकाळी निघताना किल्ली फिरली आणि काटा सावकाश चढत लालवर जाऊन थांबला. बायकोसाठी साडूंनीच काहीतरी केलं असणार, असं वाटून मी मागच्या सीटवरून वाकून पाहिलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि माझ्याइतकेच चकित होऊन ते काट्याकडे बघत होते. मेहुणी कित्येक महिन्यांनी हसत होती.

"बॉनेट उघडू का?" मी विचारलं.

साडूंनी किल्ली काढून घेतली. "नको," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हिचं अंथरूण आईंच्या शेजारी घालायला सांगा."