शेजाऱ्याच्या क्वाडचं तेल

कार्ल्सरूहेच्या ऑफिसात मी दिवसभर इंजिनातलं घर्षण कमी करतो. म्हणजे, ते कसं कमी करावं याच्या मीटिंगांत बसतो. टेकडीवरच्या आमच्या गावात घरी पोचेपर्यंत बूट काढण्याइतकंही बळ उरत नाही. अशाच एका संध्याकाळी, एक बूट पायात आणि दुसरा हातात असताना, मी शेजारच्या आजोबांना शब्द देऊन बसलो.

आजोबा जर्मन, खुब्याचं ऑपरेशन झालेले, दोन कुबड्यांवर दारात उभे. उताराखालच्या कुरणात त्यांची सफरचंदाची जुनी झाडं आहेत. दर वर्षी ते आपल्या क्वाडवरून, म्हणजे जाड टायरांच्या त्या चारचाकीवरून, सफरचंदांची पोती वर आणतात आणि मोस्टरायला नेतात. तिथे रस काढून मिळतो. ऐन हिवाळ्यात दोघं नवरा-बायको स्वतःच्या झाडांचा रस पीत खिडकीत बसलेले दिसतात. या वर्षी चालवायची कोणी? शनिवारी दुपारचा टेर्मिन, म्हणजे रस काढून घ्यायची वेळ, ठरलेला, आणि क्वाडचं तेलही बदललेलं नव्हतं.

"मी करतो की," मी म्हणालो. "माझं कामच ते आहे."

"तेलाचा डबा शेडमध्ये आहे," आजोबा म्हणाले. "फिल्टर तेवढा आणा, हेर इंजिनिअर." हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत.

फिल्टरने माझा जीव काढला. वेबसाइटवर दिसायला सख्खे भाऊ वाटावेत असे तीन निघाले. फरक काय तो रबरी रिंगचा. जुना फिल्टर काढून, पुसून, मी तो जेवणाच्या टेबलावर व्हर्नियरने मोजायला बसलो.

"एवढी चौकशी लग्नाआधी केली होतीस का रे?" बायकोने विचारलं.

"तेव्हा व्हर्नियर नव्हता माझ्याकडे."

"आधी तो टेबलावरून उचल. पोळ्या लाटायच्यात."

फिल्टर अगदी अचूक आला. एअर फिल्टरचा फोमसुद्धा. तेलावर मात्र मी घटकाभरही विचार केला नाही. शेडमधला डबा पाहिला: धुळकट, वर मोटरसायकलचं चित्र. त्या घरातून दर हिवाळ्यात आमच्याकडे रस येतो. आमच्या घरून कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर बायको मूठभर चिवडा तरी घालते. मग ज्यांनी आपल्याला इतका रस पाजला, त्यांच्या इंजिनात हे असलं तेल ओतायचं? शोभतं का ते? मी कारचं सगळ्यात भारी तेल आणलं. पातळ, इंधन वाचवणारं, मीटिंगांत आम्ही ज्याची आरती ओवाळतो तसलं. अत्तर शिंपडावं तसं जपून मी ते ओतलं. गल्लीत एक चक्कर मारली. क्वाड लोण्यासारखी पळाली.

शनिवारी सकाळी बायको आणि मी कुरणात सफरचंदं वेचत होतो. तिचा आठवडा माझ्याइतकाच लांब गेलेला, त्यामुळे बोलणं फारसं नव्हतं. क्वाडला जोडलेला ट्रेलर पोत्यांनी भरला. वर रस्त्यावर आमची कार आणि कारशेजारी कुबड्यांवर आजोबा. मी गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दिला. इंजिन गरजलं. क्वाड जागची हलली नाही.

"आवाज येतोय," बायको म्हणाली. "गाडी कधी येणार?"

आणखी अॅक्सिलरेटर दिला. क्वाड हातभर चढली, दमली आणि जळका वास सोडून थांबली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. क्वाडचा क्लच मोटरसायकलसारखा असतो, इंजिनाच्याच तेलात बुडालेला. त्याच्या चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं, आणि मी त्यांच्यात जगातलं सगळ्यात निसरडं तेल ओतलं होतं. पगार घेऊन जे वर्षानुवर्षं करतो, तेच इथे फुकटात करून ठेवलं.

"मग आता बदल तेल," बायको म्हणाली.

"चकत्यांत मुरलंय. लगेच नाही जायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे उचलायचं."

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी निमूट पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. दव पडलेलं गवत, चढ, आणि ऑफिसच्या खुर्चीने घडवलेली माझी कंबर. वरून आवाज आला, "हेर इंजिनिअर, इंजिन फार सुंदर वाजत होतं!" मला हसूही येईना, श्वास पोत्याने घेतला होता.

टेर्मिन गाठायचा म्हणून उरलेला ढीग खालीच सोडला. मोस्टरायच्या बाईंनी आमचा माल तराजूवर ठेवला आणि मान हलवली. स्वतःच्याच फळांचा रस हवा तर अमुक एवढा माल लागतो. आमचा कमी भरला. "याच्या बदल्यात तयार रस देते. चांगला आहे," त्या म्हणाल्या. आजोबा गाडीत बसून होते. मी काचेतून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "घ्या."

घरी त्यांच्या बायकोने ग्लास मांडले. आजोबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला.

"गोड आहे," ते म्हणाले. त्यांचा दर वर्षीचा रस दात आंबवणारा असायचा. आम्ही तो पाणी घालून प्यायचो, हे त्यांना कधी सांगितलेलं नाही.

"आपला नाही," आजी म्हणाल्या.

"नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आजोबांनी माझा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला. "प्या. हा सगळा आम्हा दोघांच्याने संपणार नाही." कंबर वाकत नव्हती आणि खुर्चीतून उठवत नव्हतं, म्हणून मी प्यायलो. आजींनी आपला ग्लास न संपवताच सिंकमध्ये नेऊन ठेवला.