बाईचा हात लागलेली गाडी

आज माझ्यावर पोटभर हसायची मोकळीक आहे. चहा तेवढा थंड करू नका, एवढंच.

आमच्या खामगावच्या घरात एक आगगाडी आहे. तिला खेळणं म्हणालात तर आबा, म्हणजे माझे वडील, तुमच्याशी बोलणं सोडतील! तरुणपणी त्यांनी ती मुंबईहून आणली. मोठ्या टेबलावर रूळ, एका टोकाला जलंब स्टेशन, दुसऱ्या टोकाला खामगाव. बटण दाबलं की रुळांतून चाकांत वीज जाते आणि गाडी निघते.

आबांचं वय झाल्यावर ती मी चालवायला घेतली; रूळ पुसायचं काम मात्र आबांचंच. बायकांनी उंबरठ्यावरून बघायचं, हा घरचा कायदा. केला कोणी, ठाऊक नाही; पाळण्यात मात्र मी सगळ्यांच्या पुढे. माझी मुलगी मुक्ता दहावीत गेली तरी एक फेरी चालवू द्या म्हणून मागे लागायची. मी म्हणायचो, पोरांचा खेळ आहे तो. मला मुलगा नाही. म्हणून मी परस्पर ठरवलं, दसऱ्याला अकोल्याहून पुतण्या येईल, गाडी त्याला द्यायची. मुक्ता त्या दिवशी नीट जेवली नाही.

आता दसरा म्हटला की गाडीची पूजा आलीच ना? दुपारी आबा झोपले होते. मी इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. चाकाखाली लिंबू ठेवायला गेलो, तर इंजिनापेक्षा लिंबूच मोठं! मग नुसती फोड पिळली. शेवटी गाडी सुळसुळ धावावी म्हणून रुळांना घाण्याचं शेंगदाणा तेल चोळलं, सढळ हातानं. खामगावात तेलाला काय तोटा?

संध्याकाळी सगळे जमले. मी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. टेबलाला थोपटून पाहिलं. काही नाही.

मग माझं डोकं फिरलं.

"मुक्ते, तू हात लावला का गाडीले?"

"नाही, बाबा." तिचे डोळे भरून आले होते.

मी सगळ्यांदेखत सांगितलं, की बाईचा हात लागल्याशिवाय ही गाडी अशी रुसत नाही. आबांनी रुळावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"रुळाले तेल कोनं लावलं बे?"

आता हे 'बे' कोणासाठी होतं, ते सांगायला हवं का?

मुक्ता हळूच म्हणाली, "आबा, कोरड्या कपड्यानं पुसू का? तुम्ही पुसता तसं. मी उंबरठ्यावरून पाह्यते ना रोज."

आबांनी खांद्यावरचा रुमाल तिच्या हातात दिला. तिनं रूळ पुसले, एकेक चाक पुसलं, बटण दाबलं. गाडी जलंबहून निघाली आणि थेट खामगावला येऊन थांबली. पुतण्यानं टाळ्या वाजवल्या आणि गाडी ताईकडेच राहू द्या म्हणाला.

"गाडी हिच्याजवळच राहीन," आबा मला म्हणाले. "अन् तू आता हात नको लावू."

मी निमूट मागे सरकत उंबरठ्यापर्यंत आलो. तिथं बायको बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता थोडी जागा करून दिली.

"बसा. इथूनबी चांगलं दिसते."