हर्णेच्या सात घरांचं उत्पन्न

गेल्या वर्षी रत्नागिरीत एका कुटुंब सर्वेक्षणाची आकडेवारी तपासायचं काम मी करत होते. हर्णेची फाईल उघडली आणि थबकले. सात घरं, सातही बोटवाल्यांची, आणि सातही घरांचं वर्षाचं उत्पन्न अगदी एकच. रुपयाचाही फरक नाही.

ती माहिती गोळा केली होती पालीच्या एका निवृत्त शिक्षकांनी. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. घरोघरी न जाता बसल्या जागी आकडे भरणारे मी पाहिले होते, पण गुरुजी? तक्रारीचा मेल लिहून झाला, पाठवायला मात्र हात धजेना. दुसऱ्या दिवशी त्यांनाच बोलावून घेतलं.

स्क्रीनवरचे आकडे त्यांनी बोट ठेवून एकेक करत वाचले.

"हे मी लिहिलेलं नाही, बाय. एका घरी तर तीनदा गेलो, तेव्हा कुठे सांगितलंन. प्रत्येकाचा आकडा वेगळा होता."

मी त्यांच्यासमोरच मुंबईच्या मुख्य कार्यालयात फोन लावला.

"अहो, ते टॉप-कोडिंग आहे," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "ठरावीक मर्यादेच्या वर उत्पन्न गेलं की खरा आकडा झाकून आम्ही मर्यादेचाच आकडा टाकतो. छोट्या गावात एवढी कमाई कोणाची, हे लगेच ओळखू येतं ना! माहितीपुस्तिकेत दिलंय."

दिलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. "बरं झालं गो. एका घरच्या बाईंना मी शब्द दिला होता, तुमचा आकडा बंदरावर कोणाला कळायचा नाही म्हणून. दिला खरा, पण पाळला जाईल की नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं?"

"गुरुजी, काल मी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिली होती," मी सांगून टाकलं.

"पाठवलीस?"

"नाही."

"मग झालं तर."

कितीतरी हलकं वाटलं. त्याच दुपारी मी अहवालातली सरासरी काढून टाकली. वरचे आकडे कापलेले असताना ती कमीच दाखवणार. तिच्या जागी चढत्या क्रमात बरोबर मध्ये येणाऱ्या घराचं उत्पन्न घेतलं, आणि त्या सात घरांपुढे 'एवढं किंवा याहून जास्त' अशी खूण केली. गुरुजी शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तपासून घ्यायला अहवालातली एकेक ओळ मला वाचून दाखवू लागले.