काचवाले

बाबा पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तलावातले सूक्ष्म जीव मोजायचे. काचेसारखं जड कवच असलेल्यांना ते 'काचवाले' म्हणत.

"ऊन तापलं, वारा पडला, की तलाव ढवळायला कोणी उरत नाही. मग काचवाले तळाशी बसतात आणि वर नुसता हिरवा तवंग धरतो." जेवताना हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

सुट्टीच्या दिवशी ते घर ढवळायचे. आवरलेली कपाटं उपसायचे, माझं आणि दादाचं मिटलेलं भांडण उकरून काढायचे. आई वैतागायची, "जरा शांत बसाल का?"

"बसलो की बुडालो!" बाबा म्हणायचे.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा जेवताना कोणीच बोलेना. शेवटी आईच मला म्हणाली, "दादाशी भांड की गं जरा."