एक्मोची चिठ्ठी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या नव्या कॉलनीत नळ पोचलेला नव्हता, टँकर यायचा. कुणाचा ड्रम आधी भरायचा यावरून भांडणं. शेवटी मीच डबा आणून ठेवला. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल तसा नंबर. चिठ्ठी उचलणाऱ्याच्या हाताकडंही मी डोळ्यांत तेल घालून बघायचे. आमचे हे हसायचे. "तू प्रसादसुद्धा वास घेऊन खाशील," म्हणायचे.

त्याच उन्हाळ्यात वाळूजच्या कंपनीतून ड्युटी करून आलेल्या ह्यांना ताप भरला. न्यूमोनिया निघाला, फुफ्फुसं पार बसली. दवाखान्यात एक्मो नावाच्या मशीनवर ठेवलं. मानेत एक जाड नळी, मांडीत एक. काळपट रक्त बाहेर यायचं, मशीनमधून लालभडक होऊन परत आत जायचं. झोपेचं औषध चालू, त्यामुळं हे हूं की चूं करत नव्हते. माणूस आहे का संपलाय आणि हे लोक नुसता पंप फिरवतायत, असं माझ्या मनात यायचं.

एक दिवस डॉक्टरांनी मला आणि फुलंब्रीहून आलेल्या माझ्या दिराला बोलावलं. मशीनवरच्या पेशंटला झोपवून ठेवावं का जागं करून थोडी हालचाल करून घ्यावी, कशानं जास्त माणसं वाचतात ते अजून नक्की माहीत नाही, म्हणाले. त्यावर अभ्यास चालू आहे. तुम्ही हो म्हणालात तर कुणाला जागं करायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवील, आम्ही नाही.

माझं टाळकंच सरकलं. एवढं मोठं मशीन लावता आणि वर माहीत नाही म्हणता?

दीर कानाशी लागला. "वैनी, नाय म्हणा. आपल्यावर प्रयोग करायलेत हे. पैसेवाल्या मोठ्या माणसाला इचारतेत का असं?"

मलाही तेच वाटत होतं. मी तोंडावर विचारलं, "तुम्हीच का नाही ठरवत?"

"मी ठरवलं तर मला जो बरा वाटेल त्यालाच जागं करीन," डॉक्टर म्हणाले. "मग तो जागं केल्यामुळं वाचला का मुळातच बरा होता, हे कसं कळणार ताई?"

डबा ठेवताना मी कॉलनीत हेच बोलले होते, कुणाच्याच मनावर ठेवू नका, माझ्यासुद्धा. मी हो म्हटलं. दीर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

कॉम्प्युटरमधून ह्यांना जागं करायचं निघालं. औषध कमी केलं आणि दुपारी ह्यांनी डोळे उघडले. घशात नळी, बोलता येईना. आधी नळ्यांकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं, मग माझ्याकडं, आणि भुवई वर केली. जन्मभर माझ्या संशयाला हसलेला माणूस मला विचारत होता, या डॉक्टरांचं खरं धरायचं का?

मला रडूच फुटलं. "व्हय," म्हटलं, "धरा." ह्यांनी माझं बोट घट्ट दाबलं आणि मग व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या हातात हात दिला.

पुढच्या आठवड्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि हे गेले. मशीनवर झोपलेल्यांनाही असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दीर अजून म्हणतो, झोपू दिलं असतं तर दादा वाचला असता. मी तेही डॉक्टरांना विचारलं होतं. "माहीत नाही, ताई," ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, पण दुसरं काही बोलले असते तर मी खरं धरलं नसतं.

झोपू दिलं असतं तर ह्यांनी माझं बोट दाबलं नसतं, एवढं मात्र मला माहीत आहे.