एशेनची रिकामी गाडी

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात सायकाल-आपाचं नाव निघायचं ते तिच्या बोरसोकसाठी. कणकेचा तळलेला बोरसोक तिच्यासारखा टम्म फुगवणं कुणालाच जमलं नाही. बाकी बाई साधी. पाच वेळा नमाज, चार मेंढ्या आणि तोंडाला कुलूप नाही.

कुराणातली यासीनची सुरा तिला लहानपणापासून पाठ होती. आजीनं म्हणून दाखवली, हिनं म्हटली. गावात कुणी गेलं की लोक तिला बोलवत आणि ती एका दमात म्हणत असे. अर्थ मात्र तिला ठाऊक नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता. नवरा गेल्यावर घर फार शांत झालं, तेव्हा तिनं बाजारातून किर्गिझ अर्थ छापलेलं कुराण आणलं आणि सकाळच्या नमाजानंतर चष्मा लावून रोज थोडं थोडं वाचू लागली. त्यात एके दिवशी तिला सापडलं, की यासीनमध्येच एक माणूस गावकऱ्यांना सांगतो: जे तुमच्याकडे मोबदला मागत नाहीत आणि स्वतः सरळ वाटेवर आहेत, त्यांच्या मागे जा.

ती तशीच उठून मशिदीच्या मुल्लाकडे, अकमात मोल्दोकडे गेली.

"मोल्दो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की," मोल्दो म्हणाला. "उगाच का माझे बूट असे फाटके आहेत?"

त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि गावात नासिरकान आला. जुनी निळी जीप, लांब पांढरी दाढी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी पाप केलंच असणार असं वाटावं. स्वतःला तो एशेन म्हणवायचा, म्हणजे मोल्दोपेक्षा फार वरचा धर्मगुरू. लोकांची दुखणी तो नुसत्या बघण्यानं ओळखत असे. घरात शिरायचा, डोळे मिटायचा, आणि दृष्ट कशात शिरून बसलीय ते सांगायचा. मग ती वस्तू गावाबाहेर न्यावी लागे. नेणार कोण? तोच. एवढा जीव धोक्यात घालायला दुसरं कोण तयार होणार?

जुमाशच्या घरी दृष्ट निघाली नव्या शिर्दाकात. त्याच्या बायकोनं अख्खा हिवाळा खपून तो नमदा शिवला होता. शेजारच्या जुन्या, फाटक्या शिर्दाकाला दृष्टीनं बोटही लावलं नव्हतं. कुलूयपाच्या घरी ती चहाच्या समोवारात होती, शाळामास्तरांच्या घरी कातडी बुटांत. ते बूट एशेनला नेमके बसले, यातही लोकांना अल्लाची करणी दिसली.

"या सैतानाची आवडनिवड चांगली आहे हो," सायकाल-आपा म्हणाली. "आमच्याकडे का येत नाही? माझी चाळणी फुटलीय, ती तरी घेऊन जाईल."

सगळे हसले, पण जरा घाबरतच.

तिचं हसू थांबलं ते धाकट्या जावेमुळे, तोतुगुलमुळे. तोतुगुलचा मुलगा मॉस्कोत बांधकामावर होता, सून जिबेक इथं सासूजवळ. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. एशेननं तोतुगुलच्या अंगणात उभं राहून डोळे मिटले आणि दृष्ट घोडीत असल्याचं सांगितलं. काश्का घोडीत. कपाळावर पांढरा पट्टा असलेली ती घोडी म्हणजे त्या घराचा उन्हाळा होता. तिचं दूध आंबवून केलेलं कुमीस रस्त्यावर विकून घराचं मीठ, पीठ, कोळसा, सगळं व्हायचं. दर दोन तासांनी जिबेक तिला पिळायची आणि तिच्याशी नवऱ्यापेक्षा जास्त बोलायची.

"मुलगा मॉस्कोत, सून इथं, आणि दोष घोडीचा?" सायकाल-आपानं जावेला विचारलं.

"आपा, तुम्हाला सगळ्याची चेष्टा सुचते."

"चेष्टा नाही गं. तो वर्षातून एकदा येतो आणि त्यातले निम्मे दिवस नातेवाइकांकडे जेवत फिरतो. घोडी काय करणार यात?"

"ते मोठे माणूस आहेत. त्यांना दिसतं."

"मला यासीनमध्ये दिसलं ते सांगू?"

"नको," तोतुगुल म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मला नातवंड पाहिजे, आपा. तुम्हाला आहेत, तुम्ही बोलणारच."

सायकाल-आपा उठली. घरी येऊन ती बोरसोक तळत बसली आणि पहिला घाणा तिनं करपवला. परक्याबद्दल वाईट विचार करणं हेही पापच, हे तिला माहीत होतं. मोल्दोलाही लोक रुमाल देतात, मांसाचा वाटा देतात. पण मोल्दो घरात शिरल्यावर आधी कपाटाकडे बघत नाही. शिवाय जेवणाच्या दस्तरखानवर बसलेल्या पाहुण्याला लबाड म्हणायचं, तर सात पिढ्यांची लाज जाते. घोडी तर उद्या दुपारी जेवण झालं की जायची होती.

दुसऱ्या दिवशी तोतुगुलनं मेंढा कापला. अर्धं गाव जमलं. दारासमोरच्या मानाच्या जागी एशेन बसला, मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं गेलं. त्यानं कान कापून पोरांना दिले, डोळा स्वतः खाल्ला, आणि सायकाल-आपाच्या बोरसोकांचा एक ढीग संपवला. बाहेर जिबेक घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी होती.

जेवण उरकलं. आता शेवटची दुआ. ती मागायचा मान एशेनचाच, पण तो फार नम्र माणूस होता आणि लोकांनी ते बघावं अशी त्याची इच्छा असे.

"मी कोण?" तो मान खाली घालून म्हणाला. "इथं सगळ्यांत थोर जे असतील, त्यांनी मागावी."

वयानं थोर म्हणजे सायकाल-आपा. एरवी ती हा मान कधी घेत नसे, दर वेळी "तुम्हीच मागा" म्हणून सरकवायची. या वेळी तिनं पदर सावरावा तसा डोईचा रुमाल सारखा केला आणि दोन्ही तळवे वर केले. सगळ्यांचे तळवे वर झाले.

"हे अल्ला," ती म्हणाली, "जे मोबदला मागत नाहीत त्यांच्या मागे जा, असं तू यासीनमध्ये सांगितलंस. आमच्या या पाहुण्याला तू तसाच कर. तो आमच्या गावात जसा हलका आला, तसाच हलका जाऊ दे. त्याच्या पाठीवर आमचं ओझं नको, आमच्या मानेवर त्याचं नको. तोतुगुलच्या घरात जे आहे ते नांदो, जे नाही ते येवो. ओमीन."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि तळवे तोंडावरून फिरवले.

एशेननंही फिरवले. जन्मभराची सवय, तळवे वर गेले की ओमीन आपोआप येतो. हात हनुवटीपर्यंत आल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि ते दाढीतच थांबले.

मग जुमाश, जो तसा मंद समजला जायचा, म्हणाला, "म्हणजे शिर्दाक गाडीतून उतरवायला पाहिजे."

"का?" एशेननं विचारलं.

"तुम्ही हलके आलात ना. दुआ मागून झाली, तुम्ही स्वतः ओमीन म्हणालात. आता तुम्ही जड गेलात तर दुआ मोडेल आणि आमच्या मेंढ्या मरतील."

"पण त्यात दृष्ट आहे."

"असेल. पण दुआ मोठी की दृष्ट?"

एशेननं सगळ्यांकडे बघितलं. दृष्ट मोठी म्हणायची सोय नव्हती. "दुआच," तो म्हणाला.

मग सगळे उठले. शिर्दाक उतरला, समोवार उतरला, कुणाचे कुणाचे दोन थर्मास आणि एक शिलाईमशीन उतरलं. एशेनला राग आला असावा, पण एवढे लोक एवढ्या श्रद्धेनं आपली गाडी रिकामी करताहेत म्हटल्यावर दाखवणार कसा? शाळामास्तर बुटांसाठी अदबीनं त्याच्या पायाशी बसले. शेवटी अकमात मोल्दोनं आपली जुनी रबरी पादत्राणं त्याच्यापुढे सरकवली.

"घ्या," तो म्हणाला. "तुम्ही मागितली नाहीत, म्हणून देतोय."

जीप गेली. तोतुगुल दस्तरखानची टोकं गोळा करत होती आणि सायकाल-आपाकडे बघत नव्हती.

"आता माझ्या नातवंडाचं काय?" ती म्हणाली. "घोडी राहिली, ते सोडा."

"जे नाही ते येवो, असं मागितलंय ना मी. सगळ्यांनी ओमीन म्हटलंय, एशेननंसुद्धा."

"मग?"

"मग घरात कोण नाही, ते बघ की."

तोतुगुल बराच वेळ हाडं वेगळी काढत बसली. मग तिनं जिबेकला घोडीजवळून हाक मारून मॉस्कोत मुलाला फोन लावायला सांगितला, आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर म्हणाली, "उलान, तुझ्यासाठी अख्ख्या गावानं दुआ मागितलीय. आता तू नाही आलास, तर मेंढ्या मरतील बघ."