रावसाहेबांची बादली आणि कमलबाईंची बेटं

रावसाहेब बादलीत तोंड घालून बसले होते आणि तिथूनच मला हुकूम सोडत होते, "मला खाली उतरव." आमची बोट गॅलापागोसच्या दोन बेटांच्या मधोमध होती. खाली फक्त समुद्र होता.

मी टूर मॅनेजर. सुरुवात वेरूळला गाईड म्हणून केली. तिथं पाहुणा दमला की रिक्षात बसवायचा, विषय संपला. इथं आमच्या आठ पाहुण्यांसाठी शिडाची छोटी यॉट होती. यॉट म्हटलं की लोकांना वाटतं, लई थाट असेल. केबिन म्हणजे रेल्वेच्या बर्थला दार लावलेलं. मोठं जहाज लाटेला फारशी दाद देत नाही. छोटी बोट प्रत्येक लाटेबरोबर वरखाली होते, आणि रावसाहेबांचं पोटही तिच्यासोबत.

रावसाहेब पडेगावचे मोठे शेतकरी. गावात त्यांच्या शब्दाला वजन. लेकीनं आग्रह केला म्हणून आले होते. बरोबर बायको, कमलबाई. या बाई गावाजवळच्या छावणीच्या बाजारापलीकडं कधी एकट्या गेल्या नव्हत्या. बोटीवर मात्र त्या पहिल्या तासापासून घरच्यासारख्या वावरत होत्या.

पहिल्या बेटावर 'वेट लँडिंग' होतं. म्हणजे रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि चालत किनाऱ्यावर जायचं. कमलबाईंनी साडी खोचली आणि सगळ्यांच्या आधी उतरल्या. तिथला नियम असा, की प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं. एक सी लायन, म्हणजे सीलसारखा मिशाळ समुद्री प्राणी, सरळ त्यांच्याकडं आला आणि पायाचा वास घेऊ लागला. बाई हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊ, ह्याला नियम कुणी सांगितला नाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला बोट बंदरात लागली. रावसाहेबांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, धोका काही नाही, मात्र यांना जमिनीवर ठेवा. बोट पुढं तीन दिवस दूरच्या बेटाकडं जाणार होती. तिथं अल्बाट्रॉस हे भलेमोठे समुद्रपक्षी असतात. त्यांच्यासाठीच तर लोक एवढ्या लांब येतात.

मी ऑफिसला फोन लावला. संभाजीनगरात संध्याकाळ होती, बॉस घरी निघण्याच्या घाईत.

"बाई थांबतील ना नवऱ्याजवळ," तो म्हणाला. "प्रॉब्लेम काय आहे?"

मलाही तेच वाटत होतं. कमलबाईंना ते सांगायला गेलो, तर त्या डेकवर टोपी बांधत बसल्या होत्या. मी परिस्थिती समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, त्यांना तुम्ही सांभाळा. मी पुढं जाते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्यांचं डोकं दुखलं की मी उशाशी बसले. हा समुद्र काय पडेगावला येणार हाय का?"

मी रावसाहेबांकडं बघितलं. ते धक्क्यावर बसून जमीन हलायची थांबते का, याची वाट बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "गोळ्या कुठं ठेवल्या तेवढं सांगून जा." बाईंनी सांगितलं, आणि बोटीवर चढल्या.

ग्रुपमध्ये इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका पाटोळे मॅडम होत्या. बोटीवरच्या गाईडचं बोलणं मराठीत सांगायचं त्यांनी कबूल केलं. मी किनाऱ्यावर राहिलो. बॉसला नंतर कळवलं. तो काय म्हणाला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तीन दिवस मी आणि रावसाहेब मासळीबाजारात बसून होतो. तिथं कोळीण मासे कापते आणि पेलिकन पक्षी नि सी लायन गिऱ्हाइकांसारखे पाठीमागं उभे राहतात. रावसाहेब पक्के शाकाहारी, पण रोज सकाळी स्टूल टाकून हजर. एक सी लायन सारखा रांग मोडायचा. त्याला ते मराठीत दम द्यायचे. कोळणीला भाषा कळत नव्हती, पण मुद्दा पटत होता. मात्र दुपार झाली की ते समुद्राकडं तोंड करून बसायचे. एकदा मला विचारलं, "तिला बोलायला कुणी हाय ना रं तिकडं?" मी म्हटलं, आहे.

बोट परतली. कमलबाई उन्हानं काळवंडल्या होत्या आणि सांगायच्या थांबत नव्हत्या: अल्बाट्रॉस लई जड पाखरू, कड्याच्या टोकापर्यंत चालत जातं आणि तिथून स्वतःला वाऱ्यावर झोकून देतं. जोडीतले दोघं कित्येक महिने समुद्रावर वेगवेगळे फिरतात. बेटावर परत भेटले की चोचीला चोच आपटून नाचतात.

"तीन दिवसांत नाचण्याएवढं काय झालं नाय," रावसाहेब म्हणाले. पण बाईंची पिशवी त्यांनी स्वतः उचलली. असं याआधी कधी झालं नव्हतं, हे मला कमलबाईंनी विमानात सांगितलं.

टूर संपल्यावर फीडबॅक फॉर्म आले. सात जणांनी लिहिलं होतं की शेवटचे तीन दिवस सर्वांत छान गेले. म्हणजे मी नव्हतो ते. आठवा फॉर्म रावसाहेबांचा, त्यात फक्त मासळीबाजाराचं कौतुक होतं. त्यातून मी एवढंच शिकलो, की 'पाहुणा आजारी पडल्यास सोबत कोण थांबणार' हे त्याच्या बायकोला आधी विचारायचं आणि मग ऑफिसला फोन करायचा.